बार फिरायला हवा

तांबोळी सर रिक्षातून बार घेऊन आले,
सात फुटांचा, दोन्ही बाजूंनी बाहेर.
दापोडीच्या पुलावर पोलिसानं थांबवलं,
तर म्हणाले, पडद्याचा रॉड आहे.
तो म्हणाला, मग निदान लाल फडकं तरी बांधा.

भोसरीत माझ्या लेथवर आडवा घातला.
डावी स्लीव्ह जाम, आतला बुश खाल्लेला.
मी म्हटलं, वजन तर वर जातंय ना,
मग फिरून काय करायचंय?
सरांनी चहा संपवला.
उद्या सहाला खडकीला या, म्हणाले.

दारूगोळा कारखान्याच्या भिंतीलगत पत्र्याची शेड.
पूर्वी तिथं बँडवाले ढोल ठेवायचे.
जोएल उभा होता, गुडघे कुलूप लावल्यासारखे.
बार गळ्यापाशी, मग हनुवटी मागे,
मग कपाळापाशी अडला,
अडला, थरथरला, आणि सुटला.
डोकं पुढे आलं, खिडकीतून वाकून बघावं तसं.
ही प्रेस, सर म्हणाले. पायांची एक पै घ्यायची नाही.

मग त्यानंच दहा किलो वाढवले
आणि गुडघे चार बोटं वाकवले. फक्त चार.
पायांनी उसनं दिलं, उरलेलं हातांनी भरलं.
ही पुश प्रेस.
मला पटली. घर असंच चालतं.

मग सेल्वी आली, बुटाचे बंद दोनदा बांधून.
बार जमिनीवरून खांद्यावर घेतला.
एक श्वास. बारीकशी डुबकी.
धाड!
एक पाय पुढे, एक मागे, हात ताठ.
मी म्हटलं, काय फेकला हो वर!
सर म्हणाले, नीट बघा.
पुन्हा बघितलं.
बार जेमतेम डोक्यापर्यंत गेला होता.
सेल्वी खाली गेली होती.

हा जर्क. आणि इथं कोपर वाकलं,
मग जोर लावून सरळ केलं, तर लाल दिवा.
म्हणजे जोएल जे करतो, ते हिनं केलं तर चूक?
चूक.
मी गप्प बसलो.
तीस वर्षं शाफ्ट घासतोय,
एका फिटिंगचा गुण तो दुसऱ्याचा दोष, हे मला नवं नाही.
तरी त्या पोराच्या कपाळावरची शीर आठवत राहिली.

प्रेस पूर्वी स्पर्धेत होती, सर सांगत होते.
लोक इतके मागे रेलायचे
की पंचांना कळेना, उभे आहेत की उताणे.
बहात्तरनंतर काढूनच टाकली.
सांगताना ते झाडूच्या दांड्यानं दाखवत होते.
त्यांचा उजवा हात कानापाशी थांबला.
त्यांनी दांडा डाव्या हातात घेतला
आणि बोलणं चालूच ठेवलं.

शेवटी निर्झरा. हात बारच्या पार टोकांना.
जमिनीवरून निघालेला बार कुठं टेकलाच नाही,
ना मांडीवर, ना खांद्यावर.
ती त्याच्याखाली उकिडवी, हात वर, डोळे समोर.
स्नॅच. मी तिच्या मुठीच बघत होतो.
बार आत फिरला, प्लेटा जागच्या जागी.
स्लीव्ह जाम असती तर?
सरांनी स्वतःचं मनगट धरून दाखवलं.

रात्री ब्राँझचा बुश काढला, बसवला, ग्रीस भरलं.
बोटानं टिचकी मारली,
स्लीव्ह फिरत राहिली, कितीतरी वेळ.
शटर खाली होतं. बार नुसताच, वीस किलोचा.
म्हटलं, प्रेस करू, इमानदारीत.
कपाळापाशी गुडघे आपोआप वाकले.
वर गेला. कोपरं अर्धवट.
मग हळूच सरळ केली.
ट्यूबलाइट हलत होती. बघायला कुणी नव्हतं.

सकाळी बिल लिहिलं : बुश एक, मजुरी, ग्रीस.
सरांनी पन्नास रुपये कमी करून घेतले.
रिक्षा दापोडीकडे वळली,
बारच्या टोकाला माझं हात पुसायचं फडकं,
लालच होतं, बऱ्यापैकी.