पाण्याची रेघ

दर मे महिन्यात चिखलीला बोट वर ओढतात
तेव्हा रोहिदास तिच्या पोटाखाली उताणा सरकतो,
कालवं खरवडतो, शिव्या घालतो,
आणि शेवटच्या दिवशी लाल रंगाचा डबा उघडून
पाण्याची रेघ नव्याने आखतो.
दर वर्षी थोडी वर.

पाण्यावरची रेघ टिकत नाही म्हणतात.
आमची टिकते,
फक्त एका जागी राहत नाही.

पहिल्या वर्षी आम्ही दोघं होतो, एक स्टोव्ह, एक चटई.
साईश झाला, रेघ बोटभर वर.
मग दुर्वा. तिची झोळी जुन्या शिडाच्या कापडाची,
तिला कसलं आलंय वजन,
पण तिच्यामागून कुकर आला, सोलांची बरणी,
फोंड्याहून माझं शिवणयंत्र,
पाटा (वरवंटा नको, रोहिदास म्हणाला.
वरवंटाही आला).
कायतान धक्क्यावरून विडी पेटवत ओरडायचा,
"ही तुमची दर वर्षी गुरवार!
बाळंत कधी होणार?"

वीस हातांचं घर.
भांडण झालं की आपटायला दार नाही.
तो नाळेवर जाऊन बसतो, मी सुकाणूपाशी,
मधून दुर्वा निरोप नेते,
"आई म्हणते, जेवायचं असेल तर ये,"
आणि वाटेत निरोप आपल्या मनाने गोड करते.

आमच्याकडे कुणी कप काठोकाठ भरत नाही.
झुआरीतून बार्ज जाते आणि मागाहून, सावकाश,
तिची लाट येते.
सगळ्यांचे हात आपोआप कपावर.
मडगावला मावशीकडे गेलो तरी पोरं
टेबलावर ठेवलेला ग्लास धरून बसतात.
मावशीला वाटतं, संकोच.

डोलकाठी घराच्या मधूनच खाली उतरते.
तिच्यावर पेन्सिलीच्या खुणा, डावीकडे साईश, उजवीकडे दुर्वा.
एका दिवाळीला साईश दोन दिवस टाचा उंचावून उभा राहिला होता,
ती खूण खोटी आहे,
खोडायची मात्र राहून गेली.

नोव्हेंबरात त्याला नोकरी लागली.
नागपूरला.
समुद्रापासून जमेल तितकं लांब, रोहिदास म्हणाला
आणि हसण्याचा प्रयत्न केला.
दोन ट्रंका, पुस्तकांची चार खोकी, व्यायामाची वजनं,
जी बिछान्याखाली आहेत हे मला ठाऊकच नव्हतं.
होडक्याच्या तीन फेऱ्या झाल्या.
तिसऱ्या फेरीत तो स्वतः.
वल्ही त्याच्याच हातात होती,
परतताना दुर्वाच्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी धक्क्यावर पोदेराचा भोंपू वाजला,
दुर्वा पाव आणायला गेली,
सवयीने सहा घेऊन आली,
आणि बोटीशी येता येता वल्हं थांबवून म्हणाली,
"आई, रेघ वर आलीय."

मी वाकून पाहिलं.
लाल रेघेखाली शेवाळाची एक हिरवी पट्टी
उघडी पडलेली, करंगळीच्या नखाएवढी,
ओली, उन्हात चमकणारी.
इतकाच होता तो. एवढा मोठा मुलगा.

रोहिदासनेही पाहिली. बोलला नाही.
दुपारभर धक्क्यावरून कॅन वाहत राहिला
आणि दोन्ही टाक्या गळ्यापर्यंत भरल्या.
पाणी पुरेसं होतं. आम्ही कुठे निघालोही नव्हतो.
संध्याकाळी पट्टी दिसेनाशी झाली.

कायतानला सांगायचं आहे एकदा,
सुटली बाई.

तोवर भांडी खाऱ्या पाण्याने घासते,
गोडं फक्त विसळायला, तेही वाटीभर.
दुर्वा विचारते, टाक्या भरलेल्या असताना
इतकी चिकटपणा कशाला?
मी म्हणते, असू दे.
रोज थोडं संपतंच.