दहा बाय सहा

रबाळ्यात फ्लेक्स छापतो मी.
वाढदिवसाचे वाघ, दहाव्याचे जोडलेले हात,
निवडणुकीला नुसते दात.

तो दुपारी आला, डबा उघडायच्या वेळेला,
सायकल शटरला टेकवून.
बाळाराम पोशा मढवी, हवालदार, निवृत्त.
प्रभाग ऐरोलीचा, आमचाच. अपक्ष. निशाणी पाटी.
कागदावर एकच ओळ, बॉलपेनने, घोटून घोटून:
आपली पोरं परक्याच्या अंगणात बंदूक घेऊन जाणार नाहीत.

म्हटलं, काका, ही महापालिका आहे.
गटार लिहा. मोरब्याचं पाणी लिहा.
पार्किंग लिहिलंत तर सेक्टर आठ अख्खा तुमचा.
सैन्य कुठे पाठवायचं
हे नगरसेवकाला कोण विचारतं?

म्हणाला,
"मना सत्त्याऐंशीन पन कुनी इचारला नव्हता."

मी अक्षर मोठं केलं, लहान केलं.
तो मॉनिटरकडे बघत बोलत राहिला.
पलालीला उतरलो तेव्हा लोकांनी हार घातले.
शांतता घेऊन गेलो होतो आम्ही,
पाठीवर, चाळीस किलो.
विहिरीपाशी एक बाई. तिनं शहाळं दिलं.
तिचं मला कळेना, माझं तिला,
पण शहाळं धरायची रीत थेट माझ्या आयशीची,
डाव्या तळव्यावर, कोयता उजवीकडे.
दिवाळीच्या आधी त्याच विहिरीत आम्ही

इथे तो थांबला.
मशीन चालू होतं, दुसऱ्या कुणाचा वाढदिवस,
इंकचं डोकं इकडून तिकडे, तिकडून इकडे,
एका गॉगलवर काळा रंग चढत होता.
ते वाक्य त्यानं पुरं केलं नाही.
दुसरंच काढलं:
"आमचे शेतान सिडको आली ना,
ती पन आमचे भल्यासाठीच आलती. नकाशा घेऊन.
ज्याचा भला कराचा हाय
त्याला आधी घरातशी उठवतान."
मग जरा हसून,
"आम्हाला निदान साडेबारा टक्के तरी.
ते बाईला?"

दिवा नाक्यावर त्याची एक सभा झाली.
तीस माणसं, त्यातली दहा बसची वाट बघणारी.
एका कॉलेजच्या पोरीनं विचारलं,
तिकडे माणसं कापली जातात तेव्हा?
तेव्हाही नुसतं बघत बसायचं?
खूप वेळ तो माईक धरून उभा.
स्पीकर हुं करत राहिला.
मग म्हणाला, माहीत नाही.
उमेदवार माईकवर माहीत नाही म्हणतो
हे मी पहिल्यांदा ऐकलं.
पुढे म्हणाला, जो कुणी निघेल ना पोरी,
त्याला मी दोनच गोष्टी विचारीन:
परत कधी येणार
आणि विहीर कोण उपसणार.
कुणी टाळी वाजवली नाही. एकशे तेवीस नंबर आली,
दहा जण कमी झाले.

दोनशे चौदा मतं.
त्यात माझं नाही.
मी गटाराला दिलं. गटार अजून तसंच आहे.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी उरलेले सातशे घेऊन
तीच सायकल शटरला टेकली.
हरलेला माणूस उधारी फेडायला
माझ्या दुकानात आजवर आला नव्हता.
नोटा मोजून घेताना माझाच हात चुकला दोनदा.
विचारलं, फ्लेक्सचं काय केलंत काका?
जवळा वाळत घालायला झाला, म्हणाला.
चांगला जाड हाय.

परवा खाडीकडे गेलो होतो, सहजच.
त्याच्या दारात तो पसरलेला,
दहा बाय सहा, वर जवळ्याचा थर,
पाटी झाकलेली, चेहरा झाकलेला.
कडेला कोंबडीनं उकरलं होतं तेवढेच
दोन शब्द उघडे:
परक्याच्या अंगणात.

वाकून मी जवळा सारखा केला,
मग पुन्हा थोडा बाजूला सारला.
अजून ओला होता.