एका वेळी एकच मशीन

रात्री दोन वाजता सोहार बंदरातून
टाक्यांची पातळी मस्कतला जायची असते.
माझं काम एवढंच, ती गेली का ते बघणं.
आज गेली नाही.

काळी खिडकी उघडली, तर ती आपली नव्हती.
विंडोजबरोबर फुकट येते ती होती. मुकी.
वरचा बाण दाबला तरी कालचं काही आठवत नाही तिला.

आपली म्हणजे परकारांची.
कंपनी नको म्हणाली, तेव्हा त्यांनी पदरचे रियाल घालून घेतली
आणि वर्षभर बसून आपली भाषा शिकवली:
बघ म्हटलं की यादी,
हुडक म्हटलं की हुडकायचं,
पूस म्हटलं की आधी विचारायचं, नक्की ना रे?
बावीस वर्षं असं चाललं. परकार दापोलीला परत गेले,
तरी तिला ते पत्ता नव्हता.

गुरुवारी मशीन बदललं. आता मधोमध करडी चौकट:
नोंदणी इम्तियाज परकार यांच्या नावे.
एक वापरकर्ता. हस्तांतरणीय नाही.
माझ्या रेसिडेंट कार्डवर वेगळं काय लिहिलंय,
फक्त तिथे अरबीत.

काढून परत टाकली. अॅडमिन म्हणून चालवली.
रीस्टार्ट, मग करक चहा, मग परत रीस्टार्ट.
बाहेर पाणबुडव्या खडकांवरचे दिवे लुकलुकत होते
आणि आत कर्सर. दोघांनाही घाई नव्हती.

शेवटी फोन लावला. तिकडे साडेतीन.
रमजान होता, सहरीला उठलेले होते.
मागे तव्याचा आवाज.
"काय गो सुनेत्रा, टाक्या फुटल्या काय?"

किल्ली तोंडी सांगितली, एकेक अक्षर:
बी बांगड्याचा, एस सुरमईचा,
के, थांब, के कोलंबीचा, ओ नाही, शून्य,
शून्य म्हणजे आपली पेन्शन.

चौकट गेली. खिडकी आपली झाली.
पातळी तरी जाईना.
"फोल्डरच्या नावात जागा सोडलीस काय?"
सोडली होती. टँक, मग जागा, मग डेटा.
"मग ती दोन गावं समजते.
पहिल्यात जाते नि विचारत बसते, पुढे कुठे.
दोन्ही बाजूंनी अवतरण लाव."
लावलं.
दोन वाजून एक्केचाळीस मिनिटांनी मस्कतला पोचलं.

पण मला झोप येईना. वापरतेय ते चोरून का?
ज्याने ही खिडकी लिहिली त्याला पत्र टाकलं,
कुठल्याशा थंड गावातला, एकटाच असावा.
घेणारा माणूस निघून गेला तर किल्ली कोणाची?
कंपनीची, खुर्चीची, की त्याचीच?

चौथ्या दिवशी उत्तर आलं, चार ओळी:
किल्ली माणसाची. त्याने ती पुस्तकासारखी समजावी.
उसनी दिली तर चालेल,
दोघांनी एका वेळी वाचू नये.

परकारांना वाचून दाखवलं. ते थोडा वेळ गप्प.
मग म्हणाले, माझ्याकडेही चालू असते ती,
जमातीचा हिशोब मांडतो, सवय गेली नाही.
असं करू. तुझी पाळी लागली की मिस्ड कॉल दे,
मी बंद करीन.

तेव्हापासून रोज दहाला मी मिस्ड कॉल देते.
तिकडे साडेअकरा. एक खिडकी मिटते,
इकडे एक उघडते.
कंपनीकडे नव्या किल्लीचा अर्ज दिलाय,
अठ्ठेचाळीस रियालचा. विचाराधीन आहे.
माझं कार्डही त्याच महिन्यात संपतंय,
तेही विचाराधीन.

काल काम नव्हतं. त्यांचे शब्द चाळत बसले,
तर यादीत तळाशी एक होता,
कधी वापरलाच नव्हता मी: घरी.
टाइप करून बघितला.
जुन्या मशीनवरच्या परकार नावाच्या फोल्डरकडे
जायला निघाली ती
आणि म्हणाली, असा रस्ता सापडत नाही.

दुरुस्त करणं सोपं होतं, एक ओळ बदलायची.
माझा हात तिथवर गेला.
मग दोन वाजले, आणि टाक्या.