शेरा

बातुमीच्या जुन्या पॅसेजचं मोजमाप घ्यायला
नगरपालिकेने मला पाठवलं, तीन दिवसांसाठी.
सोबत एक लेझर, एक शिडी, अकरा पानांचा फॉर्म.
पान पहिलं : बांधकामाचं वर्ष.
नुगझार म्हणाला, माझ्या आजोबांच्या आधीचं.
लिही तसंच.

समुद्राकडच्या कमानीतून लाल ठिपका सोडला,
तो पलीकडच्या दाराला पोचलाच नाही.
मध्येच चौदा नंबरच्या गाळ्यात शिरला
आणि चेन दुरुस्त करणाऱ्या नुगझारच्या शर्टावर
बटणासारखा बसला.
तेव्हा कळलं, पॅसेज सरळ नाहीच.
मध्यावर हातभर वळलाय,
चालता चालता कुणी हाक मारली की
माणूस मान वळवतो, तेवढाच.

छतात काचा चारशे बारा.
एकोणचाळीस जागी आता प्लास्टिक, सहा जागी पत्रा,
आणि एका चौकटीत सोव्हिएत काळातल्या
दंतवैद्याची काचेची पाटी, उलटी बसवलेली.
ऊन आलं की फरशीवर एक दाढ उमटते,
फिकी निळी,
दुपारभर सरकत जाते
बूटवाल्याकडून चहावाल्याकडे.
फॉर्ममध्ये दाढेला रकाना नाही.

त्सियाला बटणं मोजत नाही,
चहाच्या पेल्याने मापते.
पेलाभर शिंपल्याची, अर्धा पेला लष्करी कोटाची.
मला वाटलं ती म्हणेल, वाचवा हो हे.
ती म्हणाली, पोरी,
तुला पॅसेज जपायचाय, मला माझे गुडघे.
माळ्यावर जायला एकवीस पायऱ्या,
हिवाळाभर गळतीखाली तीन बादल्या,
आणि संडास रस्त्यापलीकडे, कॅसिनोत.
तिथला दरवान मला आजी म्हणतो
आणि दर वेळी विचारतो, आज किती लावणार?
चांगला भाव आला तर उद्या देऊन टाकेन.
मग तिने पेला पालथा घातला,
जरा वेळ त्याच्याकडे बघत राहिली.
उद्या नको, म्हणाली. परवा.

बुधवारी बिल्डरचा माणूस आला, काखेत नकाशाची गुंडाळी.
दर्शनी भिंत आम्ही ठेवतोय, म्हणाला, जशीच्या तशी.
फक्त मागे बेचाळीस मजले.
नुगझार त्याच्याच बॅगेची चेन बसवत होता.
मान वर न करता म्हणाला,
ताटात डोकं तेवढं ठेवून
मासा शिल्लक आहे म्हटलं
तर मांजरसुद्धा फसत नाही.
चेनचे पाच लारी मात्र त्याने मोजून घेतले.
माझ्या कोटाचे घेतले नव्हते.

शेजारच्या टॉवरवर क्रेन चालवतो तो ओतार, माझा भाऊ.
माझी फी त्याच्या पगारातून गेली,
आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशनही.
हे फॉर्ममध्ये विचारत नाहीत, मीही सांगितलं नाही.
संध्याकाळी त्याचा वरून फोन आला :
दिवे लागले की तुझा पॅसेज
कंदिलाची काच आडवी ठेवल्यासारखा दिसतो.
आणि मी? मी विचारलं.
तू नाही दिसत. काच फार मळलीय.

तिसऱ्या दिवशी पाऊस. इथे तो वर्षभर कधीही येतो,
कुणी त्याचं कौतुक करत नाही.
टॉवरवरचे दोन मजूर हेल्मेटसकट आत धावले,
लग्नाच्या फोटोंसाठी निघालेली एक नवरी, घोळ हातात धरून,
कानाला नगरपालिकेचा पिवळा बिल्ला असलेला कुत्रा,
कॅसिनोचा दरवानही.
तो येताना दिसताच त्सियालाने
न बघताच पायाने बादली सरकवली,
त्याला उभं राहायला कोरडी जागा झाली.
आज किती लावणार? तिनेच विचारलं.

पान अकरावं.
महत्त्व : उच्च, मध्यम, कमी. एकावर खूण करा.
खाली शेरा, दोन ओळींत.
लिहिलं :
छत पंचेचाळीस ठिकाणी गळतं.
पाऊस आला की लोक तरीही इथेच येतात.

जागा संपली.
दाढ राहूनच गेली.