गाळाची नोंद

मे महिन्यात नाग नदीत पोकलेन उतरतो.
माझ्या वहीत ती नाला आहे.
सुकलाल उईकेला हे पटत नाही :
"नदी होय साहेब. नाव खोडलं तं पाणी खोडल्या जाते का?"

वर नुसत्या पन्न्या. थर्माकोल. पाय नसलेली बाहुली.
खाली राख, कोराडीहून वाऱ्यानं आली असेल,
आणि कुठल्याशा गिरणीचा निळा रंग,
अजून बोटाला लागतो.
विटांच्याही खाली एक खापर,
काठावर कुणाच्या तरी अंगठ्याचा ठसा.

इथवर मी लिहीत होतो.

पुढच्या घासाला बकेटच्या दातांत शिंपले आले,
मूठभर, पांढरे, मिटलेले.
सुकलालनं मशीन बंद केली.
"माह्या आजाचा बाप इथं मासोया धरे.
थे खापरबी त्याचंच असन."
मग थोड्या वेळानं, बिडी न पेटवताच,
"जंगल कापूनच वावर काढलं ना त्यानंबी."

वहीत रकाना एकच : गाळ, घनमीटर.
तीनला टिप्पर आला,
सगळं भांडेवाडीला गेलं
एका पावतीवर.

एक शिंपला चुकून माझ्या डब्यात राहिला.
रात्री डबा घासताना बायको म्हणाली,
केवढा वास मारतो हो
नाल्याचा.