जागी

घर ट्रेलरवर चढवलं तेव्हा
आउने लांट्टो पायऱ्या मोजत उभी होती.
चार आल्या. पाचवी राहिली,
ती खडकातलीच, उचलता येईना.

किरुना. खाली लोखंड, वर आम्ही.
लोखंड निघतं तशी जमीन खचते,
म्हणून गाव उचलून पूर्वेला न्यायचं ठरलं,
घर घर करत, दिव्याच्या खांबांसकट.
माझं टेबल नगरपालिकेत तिसऱ्या मजल्यावर.
काम: नकाशातल्या गावाला खऱ्या गावाच्या मागोमाग पळवणं.

प्रत्येक ठिकाणाला एक खूण असते.
नाव वेगळं, पत्ता वेगळा, ही तिसरीच गोष्ट,
सत्तावीस अक्षरांची माळ,
मधेच सात, मधेच खाली पडलेली रेघ,
कुठल्याच जिभेला न झेपणारी.
यंत्रं आपापसात बोलताना तीच पुढे करतात.
भिंतीचा रंग बदला, मालक मरू दे,
बेकरीचं सलून होईपर्यंत माळ तीच.
पार्सलवाला, रुग्णवाहिका, चुकलेला पाव्हणा,
सगळ्यांना ती दाराशी आणून सोडते
आणि स्वतः कुणाला दिसत नाही.

नोव्हेंबरात आउनेचा फोन आला.
"तुझ्या यंत्रात मी कुठे आहे गं?"
"नव्या रस्त्यावर. खूण जुनीच ठेवलीय,
फक्त टिंब सरकवलं."
"बरं केलंस," ती म्हणाली.
कपात चमचा फिरल्याचा आवाज.
"मग तिकडे काय ठेवलंस?"

तिकडे.

नियमावली माझ्या तोंडपाठ आहे.
ठिकाण हललं, तर खूण त्याच्याबरोबर जाते.
बंद पडलं, तर 'कायमचं बंद' अशी पाटी.
एकाच दाराच्या दोन खुणा निघाल्या
तर एक दुसरीत विरघळते,
लग्न झालेल्या बाईच्या आडनावासारखी.
आणि विचारलेलं काही उरलंच नसेल
तर यंत्र म्हणतं: सापडलं नाही.
नव्हतं, असं म्हणत नाही. एवढी सभ्यता आहे.
पण घर उचलल्यावर खाली जे उरतं
त्याबद्दल नियमावलीत अवाक्षर नाही.

डिसेंबरात तिची मिर्री हरवली.
भांडभर दूध दारात गोठलं.
दुपारचे दोन, डोळ्यात बोट घालावं असा अंधार,
कुंपणाचा राखणदार निल्स-आन्ते कुहमुनेन
बॅटरी घेऊन माझ्यापुढे चालत होता.
"या टेकाडाला आई वासरूथांबा म्हणायची,"
तो म्हणाला. "रेनडियरची वासरं इथे अडायची.
तुमच्या नकाशात आहे का?"
मी नाही म्हटलं.
"वासरांचं काही अडलं नाही त्यावाचून,"
आणि खोकत हसला.

जुना टिंब मोबाईलवर उघडून मी चालत राहिले.
यंत्राच्या मते तिथे काहीच नव्हतं, नुसता राखाडी रंग.
आणि पाचव्या पायरीवर
मिर्री बसली होती, पुढचा पंजा चाटत,
दार उघडायची वाट बघत.

रात्री दीडला खाणीत सुरुंग उडतात.
कपाटातल्या बशा किणकिणतात.
तेवढ्यापुरती जागा जागी होते,
पण जागी नसते.
मी उठून नवी नोंद उघडली.
प्रकार निवडा: दुकान, शाळा, शिखर, बसथांबा.
पायरी नव्हती. 'इतर' निवडलं.
नाव: पाचवी.
सकाळी उत्तर आलं,
पडताळणी करता आली नाही.
कसं करणार? मांजराचा अंगठा कुठे घ्यायचा?

सुताराने आउनेला पाचवी पायरी करून दिली,
पाइनची, गुळगुळीत, वर वॉर्निश.
मिर्री ती ओलांडून उडी मारते.

काल पुन्हा फोन.
"गेलीय ती परत. तू जाऊ नकोस या थंडीत,
येईल आपली आपण.
दोन्ही पत्ते ठाऊक आहेत तिला."
मग तिने बराच वेळ फोन ठेवला नाही,
बोललीही नाही काही.
दीड वाजायला चार मिनिटं होती.