बिस्किटाचा डबा

उदगिरात, चौबाऱ्याजवळ,
मन्मथअप्पांचं दुकान अडीच हात रुंद.
तागडी, चिमटा, चिंचेचं पाणी,
आणि बिस्किटाच्या डब्यात
बुडालेली राज्यं.

नातवानं ओहायोहून अर्धा डॉलर आणला.
"यांना गोळी घातली, अप्पा,
आणि चार महिन्यांत चेहरा चांदीवर.
लोकांनी खर्चलाच नाही. घरोघर दडवला."

अप्पांनी फरशीवर टाकून ऐकला.
"आवाज बरा हाय."
मग चारमिनारवाला हाली रुपया काढला.
"सरकार बदललं, कळदार आला,
ह्याला कुणी पुसंना.
रडल्या नाहीत बाया. जोडवी करून घेतली.
आमच्या बापानं भट्टी इझू दिली नाही सहा महिने."

तळाशी पत्र्याचा बिल्ला. कपबशी.
गंजातून अर्धं नाव: मन्म.
नगरपालिका. एकशे अकरा मतं,
त्यातली चाळीस घरचीच.

"तिकडं असले बिल्ले विकतात, अप्पा.
हरलेल्याचे जास्त महाग.
कमी उरतात ना."

अप्पांनी तो तागडीत टाकला, उगाच.
पारडं जरासं हललं,
की पंख्याचा वारा, कोण जाणे.

डॉलर डब्यात गेला, हाली गेला.
झाकण बसेना, ठोकून बसवलं.
बिल्ला मात्र
बंडीच्या आतल्या खिशात.